अव्वाचं इष्टलिंग अजून घरात आहे, तिची समाधी मात्र कुठंच नाही

माळवद:

नमस्कार. आम्ही मूळचे किल्लारीच्या बाजूचे, तेरणा नदीच्या काठचे. प्रश्नच त्याच्याशी बांधलेला आहे म्हणून सांगते, आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माणसाला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच खड्ड्यात उतरवतात. वर बेल, विभूती आणि मग माती. तान्हेपणी स्वामींनी बांधलेलं लिंग शेवटी त्या माणसाबरोबरच जातं. ते मागं राहत नाही.

आमच्या देवघरात मात्र एका चांदीच्या डबीत माझ्या आजीचं, अव्वाचं, इष्टलिंग ३२ वर्षांपासून आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं. मी नऊ वर्षांची होते. मिरवणुकीतून उशिरा आल्यावर मी आणि अप्पा पुढच्या पत्र्याखाली, बैलांच्या शेजारीच पडलो, म्हणून वाचलो. आई पाय मोडून घेऊन बाहेर निघाली. अव्वा आणि माझा दोन वर्षांचा भाऊ मधल्या घरात होते. तो रात्री तिच्याच कुशीत झोपायचा, आईकडं यायचा नाही. दगडमातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर माळवद. दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. असे किती वर्षांचे थर होते कुणास ठाऊक. उन्हाळ्यात त्या घरात इतकं गार वाटायचं की पाहुणे दुपारी उठायचं नाव घेत नसत. तेच सगळं त्या दोघांवर आलं.

दोघं संध्याकाळी सापडले. पाऊस थांबत नव्हता. खणायला माणसं नव्हती, खणलेला खड्डा पाण्यानं भरत होता, आणि गावात एवढी माणसं गेली होती की मोजायलाही कुणी नव्हतं. पडलेल्या घरांच्या तुळया आणि चौकटी रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. त्यात आमचे दोघंही. कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. बाहेरगावाहून आलेल्या पोरांनी आणि लष्कराच्या जवानांनी जे केलं ते सख्ख्यांनी केलं नसतं. पण अप्पा आयुष्यभर एकच वाक्य बोलले, "आपल्यात जाळत नसतेत गं. माझ्या मायला बसवायचं राहिलं."

दिवाळीनंतर घराची उरलेली लाकडं काढताना तुटलेल्या दोऱ्यासकट ती डबी सापडली. बाळाचं लिंग सापडलं नाही.

गाव उठलं, नव्या जागी वसलं. ५२ गावं अशी उठली. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्या आहेत. अप्पा दर वर्षी ३० सप्टेंबरला सकाळी एकटे तिथं जायचे. किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो, तिकडं ते कधी गेले नाहीत. आमच्या दारातला लिंब भूकंपातही उभा राहिला होता. त्या लिंबावरून अंदाज घेऊन ते मधल्या घराच्या जागेवर दोन दगड मांडायचे, एक मोठा आणि एक बारका. विभूती, बेल, वाटीभर दूध. मोठ्या दगडापुढं कांदा घातलेला धपाटा आणि दही, बारक्यापुढं लिमलेटची गोळी. घरी आले की डबी उघडून लिंगावर पाणी घालायचे आणि त्या दिवशी कुणाशी बोलायचे नाहीत. पुढच्या वर्षी दगड जागेवर नसायचे. गुरं जातात तिथून. ते पुन्हा मांडायचे.

गेल्या माघात अप्पा लिंगैक्य झाले. त्यांना आमच्या शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला, रीतीप्रमाणे बसवलं. त्यांचं नीट झालं याचं समाधान आहे. यंदा सप्टेंबरात मी एकटी जुन्या गावठाणात गेले. पण बाभळीत मला लिंबच सापडला नाही. अर्धा तास फिरले आणि रडत परत आले.

आता वर्षाच्या आत अप्पांच्या समाधीवर ओटा बांधायचा आहे. माझा धाकटा भाऊ भूकंपानंतरचा, पुण्यात असतो. तो म्हणतो, ओटा बांधताना अव्वाचं लिंग अप्पांच्या समाधीतच ठेवू, मायलेकरं एकत्र होतील. आत्या म्हणते, एका समाधीत दुसऱ्याचं लिंग घालायचं नसतं. शेजारचे एकजण म्हणाले, नदीत सोडा. आई काहीच म्हणत नाही. भूकंपानंतर ती एकदाही जुन्या गावठाणात गेलेली नाही.

मला जाणून घ्यायचंय की ज्याची माती झालीच नाही त्याची समाधी मागाहून करता येते का? बाळाचं तर काहीच नाही, लिंग नाही, फोटो नाही. त्याच्यासाठी काय करायचं? आणि हे लेकीनं केलं तर चालतं का? ज्यांनी आपल्या घरात असं काही केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर सांगा.

गंगाखेडची सून:

ताई, तुमचं वाचून स्वयंपाक तसाच ठेवून लिहायला बसले.

आमच्यात जाळतात, त्यामुळं समाधीचं मी सांगू शकत नाही. पण नदीचं सांगते. आमचं घर गोदेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. लांब लांबून लोक अस्थी घेऊन इथं येतात, रोज बघते. अस्थी सोडल्यावर माणूस हात झटकून पायऱ्या चढतो, त्याचं मन हलकं झालेलं दिसतं. जाळणाऱ्याला नदी हवीच, कारण त्याच्याकडं दुसरी जागा नसते. तुमच्या अप्पांना मात्र जागाच हवी होती. एवढी वर्षं जो माणूस दोन दगड मांडत राहिला त्याच्या आईचं लिंग वाहत्या पाण्यात सोडू नका, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडचं सांगायचं तर, भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी पितरपाट लागला होता. माझं माहेर औसा तालुक्यातलं, घरातला एक चुलता गेला होता. सुतकात पितर कुठले घालणार? पुढच्या वर्षी गुरुजींनी सांगितलं, अपघातानं गेलेल्याचं भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात, तिला घातचतुर्दशीच म्हणतात. तिथी माहीत नसेल, किंवा कुणाचं करायचं राहून गेलं असेल, तर सर्वपित्री अमावास्येला. तेव्हापासून आई चतुर्दशीलाच करते. कढी, उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवार, भोपळा, कारलं. चुलत्याला कारलं अजिबात आवडत नव्हतं, तरी रीत म्हणून करते आणि त्याच्या पानावर मात्र वाढत नाही. घास पत्र्यावर ठेवून कावळ्याची वाट बघते. एका वर्षी दुपारचे तीन वाजले तरी कावळा शिवेना. तेव्हा आई पत्र्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या पोरीचं लग्न मी लावून देते, जेवा आता." आणि ते तिनं लावून दिलंही.

लेकीचं म्हणाल तर आमच्यात घटस्थापनेच्या दिवशी आजेपाड असतो. लेकीचा मुलगा आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. म्हणजे लेकीच्या बाजूनं पाणी पोचतं हे शास्त्रालाही मान्य आहे. तुमच्यात कसं असतं ते तुमचे स्वामी सांगतील.

निलंगेकर:

लेकीनं हे करू नये. समाधीला पहिला हात मुलाचा लागतो. भावाला पुण्याहून बोलवा, त्यालाच करू द्या. रीत मोडली की घराला त्रास होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सास्तूरचा:

ताई, सलाम. मी तुमच्याच भागातला, तेव्हा बारावीत होतो. आमच्या घरातली चार माणसं गेली.

आमच्यातही पुरतात. त्यामुळं अप्पांना काय टोचत होतं ते मला चांगलं कळतं. आमच्याकडं गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ देऊन, कफन घालून, जनाज्याची नमाज पढून मग माती देतात. प्रत्येकजण तीन मुठी माती टाकतो. त्या दिवसांत गुस्ल कसलं आणि कफन कसलं. घोंगडीत, चादरीत, मिळेल त्यात गुंडाळलं आणि एका लांब चरात सगळ्यांना शेजारी शेजारी ठेवलं. माझी चुलती त्या चरात नेमकी कुठं आहे ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशीची जियारत झाली नाही, चाळीसवा तंबूतच झाला.

पहिली काही वर्षं शबे-बारातच्या रात्री मी कब्रस्तानात जायचो तेव्हा फार त्रास व्हायचा. बाकीचे आपापल्या कबरीपाशी जातात, गवत काढतात, माती ओढतात, फुलं घालतात, ऊद लावतात, फातेहा देतात. मी चुलतीची फुलं हातात घेऊन उभा. मग एका म्हाताऱ्या चाचांनी मला दारापाशी थांबवलं. म्हणाले, कब्रस्तानात शिरताना आपण सलाम कुणाला करतो? 'अस्सलामु अलैकुम या अहलल कुबूर', इथल्या सगळ्या कबरवाल्यांनो. एकेकाचं नाव घेत नाही. तुझी चुलती त्या सगळ्यांत आली. तेव्हापासून मी फुलं चराच्या पूर्ण लांबीवर पसरतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात अनोळखी माणसांनाही फुलं मिळतात, आणि त्याचं मला बरंच वाटतं. घरी आल्यावर हलव्यावर फातेहा देताना मात्र चौघांची नावं घेतो. कब्रस्तानात सगळ्यांचं आणि घरात आपल्यांचं, अशी मी वाटणी करून घेतली आहे.

एक गोष्ट मला नेहमी जाणवते. आपल्या भागात जाळणारा असो की पुरणारा, अंत्यविधीला निघालो की सगळे एकच बोलतो, मातीला चाललोय. माती किती वाजता आहे, असंच विचारतो. मला वाटतं, तुमच्या अव्वाची माती जुन्या घरातच झाली. तिच्यावर तिच्याच माळवदाची माती पडली, तिनंच वर्षानुवर्षं टाकून घेतलेली. नंतर जो अग्नी दिला तो दिला. तुम्ही ती माती आणा.

आणि लिंब हरवलेला नाही. तुम्ही वेशीकडून गेला असाल. आता तिकडून रस्ता उरलेला नाही, सगळी झुडपं आहेत. जुन्या गावठाणांत नदीच्या अंगानं शिरावं, आडांचे कठडे अजून शाबूत आहेत, त्यांच्यावरून गल्ली सापडते. आम्ही असंच शोधतो.

मठातला:

ताई, शरणार्थी. मी जंगम आहे, अहमदपूरच्या बाजूला मठपतीचं काम करतो. थोडं मोठं लिहितो, कारण तुम्ही विचारलेलं पुष्कळ घरांत आहे आणि लोक बोलत नाहीत.

आपल्यात मरणाला लिंगैक्य म्हणतात. जीव लिंगात मिळाला. म्हणून आपल्याकडं मुळात पिंड नाही, कावळा नाही, मरणाचं सूतकही नाही. पाच सूतकं शरणांनी, म्हणजे आपल्या संतांनी, नाकारली त्यात मरणाचं एक आहे. समाधीला जे करतो ते त्या जीवाला पोचवायला म्हणून नसतं, तो पोचलेलाच असतो. तिसऱ्या दिवशी दूध घालतो, गणाराधना करून जंगमांना आणि गावाला जेवू घालतो, वर्षाला पुण्यस्मरण करतो, ते मागं राहिलेल्यांसाठी. हे मी अव्वांच्या बाबतीत मुद्दाम सांगतोय. देह जळाला म्हणून त्या अडकून राहिल्या, असं मनात आणू नका. अप्पांनी ते ओझं फार वाहिलं. तुम्ही पुढं नेऊ नका.

त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर विभूतीची पोती घेऊन ट्रकमधून त्या गावांत गेलो होतो. चिता पेटण्याआधी वडील प्रत्येक रांगेवरून 'ॐ नमः शिवाय' म्हणत विभूती टाकत चालले होते. कोण आपलं, कोण कुणाचं, विचारलं नाही. मला आवाज फुटत नव्हता तर म्हणाले, "आवाज नसंल तर हात चालव." तुमच्या गावात आम्ही होतो की नाही ते सांगता येणार नाही. पण विभूती घेऊन फिरणारे आम्ही एकटेच नव्हतो.

आता लिंगाचं. तुमच्या आत्या म्हणतात ते आमच्याही मठात पाळतात. इष्टलिंग ज्याचं त्याचं असतं. ते नवऱ्याचं बायकोला नाही, आईचं लेकाला नाही. म्हणून अप्पांच्या समाधीत घालू नका. नदीत तर नकोच. अप्पांच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, अव्वांची वेगळी समाधी करा. मोठी लागत नाही. दोन-अडीच फूट खोल खड्डा पुरे. तळाला विभूती आणि बेल. जुन्या घराच्या जागेची माती आणा आणि तिचाच लिंगापुरता गोळा करून बसवा. तो त्यांचा तळहात समजा. त्यावर डबीतून काढून उघडं लिंग ठेवा, वर पुन्हा विभूती, बेल, आणि मग शेतातली माती. डबी चांदीची आहे म्हणून आत घालायची गरज नाही, ती घरात राहू द्या. तुमच्या आईंना विचारा, त्यांना हवी असेल.

बाळाचं सांगतो. त्याला लिंग बांधलं होतं ना? मग तो आपल्यात लहान नाही. लिंग बांधलेल्या जीवाला वय नसतं. ऐंशीच्या म्हाताऱ्याची जी समाधी, तीच त्याची. लिंग सापडलं नाही म्हणजे ते त्याच्याजवळच राहिलं, जिथं राहायला हवं होतं तिथंच. अव्वांच्या लिंगाचं राहिलं होतं, बाळाचं काहीच राहिलेलं नाही. त्याच जागेतली मूठभर माती अव्वांच्या शेजारी त्याच्या नावानं ठेवा. कुशीत झोपायचा म्हणालात, म्हणून वेगळा खड्डा घेऊ नका.

निलंगेकर दादा, तुमच्या घराची रीत तुम्ही पाळा, पण लिंगायतांत लेकीच्या गळ्यातही तेच लिंग असतं जे लेकाच्या गळ्यात. बसवण्णांनी बाराव्या शतकात जिथं हे सांगितलं ते कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या पलीकडंच आहे. एवढ्या जवळचं आपण विसरू नये. ताई, तुम्ही करा. भाऊ आला तर दोघं करा.

मुहूर्त लागत नाही. सोमवार धरा किंवा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला करा. त्या दिवशी सगळे रानातच असता.

माळवद:

सगळ्यांचे पाय धरते. काल येळवस झाली. जसं झालं तसं लिहिते.

सास्तूरच्या भाऊंनी सांगितलं तसं परवा नदीच्या अंगानं शिरलो. भाऊ पुण्याहून आला होता. मी त्याला मठातल्या स्वामींचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा तो दोन वेळा "पुन्हा वाच" म्हणाला. त्यानं अव्वाला पाहिलेलं नाही आणि बाळालाही नाही. त्याच्या कपाळावरचा केस बाळासारखाच वळतो, असं आई एकदाच बोलली होती. तेवढंच त्याला माहीत.

जीप निघताना आई आपणहून पुढं येऊन बसली. कुणी काही बोललं नाही. पायामुळं तिला बाभळीतून चालता येत नव्हतं, तर भावानं तिला पाठीवर घेतलं. आड सापडला. आडापासून मी डावीकडं वळले तर आई पाठीवरूनच म्हणाली, "तिकडं कुठं चाललीस? ती गल्ली दुसऱ्यांची." मग तीच सांगत गेली. आडापासून सरळ, मग उकिरड्याची जागा, मग उजवीकडं. लिंब होता. खाली अप्पांचा बारका दगड पडला होता. मोठा नव्हता.

मी लिंबापासून अप्पांसारखीच पावलं मोजून खाली बसले आणि खुरपं घातलं. आई म्हणाली, "तिथं नाही. तिथं उतरंड होती. ती अशी भिंतीकडं तोंड करून झोपायची आणि ह्याला आतल्या अंगाला घ्यायची. थोडं इकडं ये. अजून." अप्पा इतकी वर्षं उतरंडीच्या जागेवर दगड मांडत होते. त्यांनी आईला कधी विचारलं नव्हतं आणि आईनं सांगितलं नव्हतं.

माती आणली. येळवशीला सकाळी कोप उभारली, पांडवांची पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. भज्जी, उंडे, खीर, सगळं नेहमीसारखं केलं. जेवायच्या आधी अप्पांच्या शेजारी खड्डा घेतला. जवळच्या गावचे स्वामी आले होते, त्यांना सगळी हकीकत आधीच सांगितली होती. मातीचा गोळा आईनं वळला, भाकरीचं पीठ मळतात तसा, पाणी बेतानं घालत. लिंग मी ठेवलं. आत्या काठावर बसून होती. तिनं आपल्या हातानं बेल दिला. बाळाची मूठ भावानं ठेवली, अव्वाच्या आतल्या अंगाला.

डबी आईनं कमरेला खोचली. लिमलेटची गोळी मी विसरले होते. भावाचा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याच्या खिशात एक होती. त्याला म्हटलं, काकाला देतोस का, तर कोणता काका म्हणून विचारलं नाही त्यानं. कागद काढून दिली.

ओटा माघात बांधू. गवंड्याला दोन सांगितले आहेत.